शेठ, एन्लार्जरला कुठलाही बल्ब चालत नाही

रा. रा. शेठ यांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे. तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला लगेच कळेल. तुमच्याच पद्धतीने धंदा करणाऱ्या आणखी कुणाला ते स्वतःला लिहिलेलं वाटलं, तर त्यांनीही जरूर वाचावं.

माझ्याकडे डार्करूमचं काम शिकायला एक मुलगी येते. तिच्या आजोबांचा गावी फोटो स्टुडिओ होता. तो कधीच बंद झाला, पण एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र, घरात जपून ठेवलेला होता. जुना, चेकोस्लोव्हाकियात बनलेला, कंडेन्सरचा, अजूनही घट्ट आणि सरळ उभा राहणारा. तिने तो पुसला, भिंगं साफ केली, बैठक तपासली. आतला दुधी बल्ब तेवढा गेलेला होता. तो घ्यायला ती तुमच्याकडे आली, कारण तुमच्या पाटीवर ‘फोटोग्राफीचं सर्व सामान’ असं लिहिलेलं आहे. गेलेला बल्ब तिने रुमालात गुंडाळून बरोबर आणला होता. तुम्ही तो हातातसुद्धा घेतला नाहीत. फळीवरून घरगुती शंभर वॅटचा बल्ब काढलात, त्याबरोबर पिनेच्या बल्बासाठी आट्याचा अडॅप्टर दिलात, ‘एन्लार्जरला कुठलाही चालतो’ म्हणालात आणि पैसे मात्र एन्लार्जरच्या बल्बाचे घेतलेत.

त्यानंतर त्या मुलीने जे प्रिंट काढले ते माझ्यासमोर टेबलावर आहेत. शेठ, एकदा येऊन बघा. प्रत्येक प्रिंटचा मध्यभाग काळवंडलेला आहे आणि चारही कोपरे उडालेले आहेत. आजीचा चेहरा काळा, मागची भिंत पांढरी. मुलीला वाटलं, आपलंच एक्स्पोजर चुकतंय. मग वाटलं, डेव्हलपर नीट हलवला जात नाही. मग वाटलं, कागद जुना असेल, म्हणून नवं पाकीट आणलं. हा कागद परदेशातून येतो आणि त्याची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, कारण तोही तुम्हीच विकता. ती पाकिटं वाया गेली ती तुमच्या एका वाक्यामुळे.

शेवटी मी निगेटिव्ह काढून टाकली आणि रिकाम्या कॅरिअरमधून नुसता प्रकाश कागदावर पाडला. करड्या रंगावर येईल एवढाच, जरासा. कागद ट्रेमध्ये टाकला. लाल दिव्याखाली हळूहळू करडेपणा चढायला लागला आणि त्यात सगळं उघड झालं. मधे तळहाताएवढा गडद गोल. कोपऱ्यांकडे जाताना रंग पातळ होत गेलेला. आणि गोलाच्या एका बाजूला, धूसर, एक फिकट वळणदार रेघ. आधी वाटलं कागदावर ओरखडा आहे. दुसरा कागद घेतला, पुन्हा तीच रेघ, त्याच जागी. बल्ब थंड झाल्यावर काढून पाहिला. त्याच्या टोकावर कंपनीचं नाव, वॅट आणि व्होल्ट काळ्या शाईत छापलेले होते. ती शाई प्रकाश अडवत होती आणि तिची सावली मुलीच्या आजीच्या कपाळावर पडत होती.

घरात बल्ब लावला की प्रकाश भिंतींवर आपटून खोलीभर पसरतो. टोकावर काय छापलंय याने कुणाचं काही अडत नाही. एन्लार्जरमध्ये तसं नसतं. तिथे बल्बाखाली दोन जाड भिंगं असतात, तोच कंडेन्सर. ती बल्बाचा प्रकाश गोळा करून निगेटिव्हमधून थेट लेन्सकडे पाठवतात. बल्ब जसा असेल तसाच तो खाली उतरतो. तार दिसत असेल तर तारेचा झगमगता ठिपका उतरतो, छपाई असेल तर छपाई. म्हणूनच एन्लार्जरसाठी वेगळा दुधी बल्ब बनवतात. त्याची काच आतून दाट पांढरी असते, तार कुठे आहे ते कळतसुद्धा नाही, आख्खा फुगा सारखा उजळतो, आणि कंपनीचं नाव मानेजवळ छापतात, टोकावर कधीच नाही. घरगुती ‘फ्रॉस्टेड’ बल्ब वरवर तसाच दिसतो, पण काच जेमतेम खरवडलेली असते आणि मधला उजळ भाग लपत नाही.

अडॅप्टरचं वेगळंच. आपल्याकडे घराघरांत पिनेचे होल्डर, आणि बाहेरून आलेले एन्लार्जर बहुतेक आट्याचे. मधे अडॅप्टर घातला की बल्ब काही सेंटिमीटर खाली सरकतो. कंडेन्सरसाठी बल्बाची उंची फार मोलाची असते. बऱ्याच यंत्रांत बल्बाची दांडी वरखाली करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत प्रकाश सारखा होईपर्यंत बसवायची असते, आणि लेन्स किंवा निगेटिव्हचा आकार बदलला की पुन्हा जुळवायची असते. मुलीच्या आजोबांनी ती दांडी आयुष्यभरात किती वेळा सरकवली असेल! तिच्यावर ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा आहेत. तुमच्या अडॅप्टरने त्या सगळ्या खुणा निकामी केल्या.

ती तक्रार घेऊन परत आली तेव्हा तुम्ही काय केलंत, तेही लिहिते. तुम्ही हसलात. ‘जुनं सोड, नवीन घे’ म्हणालात आणि तिला नऊ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब दिलात. पुन्हा तेच, ‘चालतो’.

एलईडीवर माझा राग नाही. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली, त्यातून आजवर छत्तीस कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, आणि माझ्या स्वयंपाकघरात, जिन्यात, संडासात तेच आहेत. विजेचं बिल उतरलं, छान झालं. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं तेही योग्यच झालं. नीट निवडलेल्या एलईडीवर चांगले प्रिंट काढणारे लोक आहेत, मी त्यांचे प्रिंट हातात धरून पाहिले आहेत. पण त्यांनी बल्ब निवडलेला असतो, तपासलेला असतो. तुम्ही तो हाताला लागला म्हणून दिलात.

मुलीच्या बोर्डावर इंडिकेटरचं बटण आहे, तो बारीक लाल ठिपका असलेलं. त्यातून थोडी वीज सतत झिरपत राहते. तंतूच्या बल्बाला तेवढ्याने काही होत नाही, तार गरमच होत नाही. एलईडीला ती पुरते. बटण बंद केल्यावरही तो बल्ब लॅम्पहाउसमध्ये मंद उजळत होता. उजेडात हे कधीच दिसलं नसतं. दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत मी तिथे उभी राहिले तेव्हा कागद ठेवायच्या फळीवर निगेटिव्हची पुसट आकृती दिसली. म्हणजे मुलगी कागद ठेवून कडा जुळवत असे, तेव्हाच त्यावर प्रकाश पडायला लागलेला असे. तिच्या प्रिंटमधला पांढरा कधी पांढरा आलाच नाही. आजीच्या नऊवारीचा काठ मळकट, आभाळ मळकट. ती बिचारी फिक्सरला दोष देत बसली होती.

असे बरेच बल्ब बटण दाबल्यावर क्षणभर थांबून पेटतात. घरात कोण बघतं? पण टेस्ट स्ट्रिप काढताना कागदाचे पट्टे तीन-तीन सेकंदांनी उघडत जातात. प्रत्येक वेळी तो क्षण वाया जातो. पाच पट्ट्यांत पाच वेळा वाया जातो, आणि मग पंधरा सेकंदांचा सलग प्रिंट काढला की तो एकदाच वाया जातो. स्ट्रिपवर जो रंग पसंत केला त्यापेक्षा प्रिंट काळा येतो. शिकाऊ माणसाने हे कसं ओळखायचं?

आणि मग ग्रेड, म्हणजे प्रिंट मऊ येणार की कडक. आजकाल बहुतेक लोक व्हेरिएबल काँट्रास्टचा कागद वापरतात. इलफर्डने असा मल्टिग्रेड कागद १९४० मध्ये आणला. त्यातलं तत्त्व असं की कागद निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देतो. पिवळं फिल्टर निळा अडवतं, प्रिंट मऊ येतो. किरमिजी फिल्टर हिरवा अडवतं, प्रिंट कडक येतो. ही फिल्टरं टंगस्टन आणि हॅलोजनच्या प्रकाशासाठी मोजून बनवलेली आहेत. पांढऱ्या एलईडीत मुळात एक निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. त्यामुळे त्याच्या प्रकाशात निळ्याचं एक उंच टोक, मग मोरपंखी छटांत खड्डा, मग हिरव्या-पिवळ्याची रुंद टेकडी असते. तंतूच्या बल्बात असं काही नसतं, तिथे निळ्यापासून लालपर्यंत सलग चढण आहे. म्हणून मुलीने दोन नंबरचं फिल्टर लावलं तर ते दोनसारखं वागेना, आणि तीनवर गेली तर एकदम उडी. वर या बल्बाच्या पांढऱ्यात निळा भरपूर, कागद निळ्याला हपापलेला, त्यामुळे तिची एक्स्पोजर तीन-चार सेकंदांवर आली. एवढ्या वेळात चेहऱ्यावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवायचा कसा? लेन्स आणखी बंद करत गेली तर बारकावे मऊ पडायला लागले.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं ध्यानात ठेवणं माझं काम आहे का? हो. पाटीवर तुम्हीच लिहिलं आहे.

बल्ब बदलला की चित्र बदलतं, हे मला कुणी सांगितलं म्हणून मी मानत नाही. १९०९ मध्ये आंद्रे कॅलिए यांनी मोजून दाखवलं की निगेटिव्हमधून सरळ एका दिशेने जाणारा प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश सारखे वागत नाहीत. निगेटिव्हच्या दाट भागातले चांदीचे कण सरळ प्रकाशाला बाजूला फेकतात, म्हणून कंडेन्सरच्या एन्लार्जरमध्ये प्रिंट जास्त कडक येतो, धुळीचे कण आणि ओरखडेही ठळक दिसतात. विखुरलेल्या प्रकाशात तीच निगेटिव्ह मऊ होते, ओरखडे बुजतात. पारदर्शक बल्ब घातला की प्रिंट एका टोकाला जातो, दुधी घातला की थोडा मागे येतो. म्हणजे बल्ब निवडताना माणूस आपल्या प्रिंटचा स्वभावच निवडत असतो. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी आपल्या मोठ्या निगेटिव्हच्या एन्लार्जरमागे ३६ बल्ब बसवले होते, प्रत्येकाला स्वतंत्र बटण, म्हणजे आभाळाच्या एका कोपऱ्यामागचा उजेड तेवढा कमीजास्त करता यावा. त्या माणसाने छत्तीस बल्बांचा एवढा विचार केला, आणि तुम्हाला एकाचाही करवत नाही.

आपल्या मुंबईत तर हे काम फार जुनं आहे. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे लोक तिच्यात होते. त्या काळी प्रिंट उन्हात छापत, बल्बाचा प्रश्नच नव्हता. पण ऊन किती वाजता कसं पडतं हे त्यांना पाठ असे. ज्याने छापायचं त्याचा स्वभाव ओळखायचा, ही शिस्त या शहरात दीडशे वर्षांहून जुनी आहे.

तुमच्या दुकानातून दुखावलेली ही एकटीच मुलगी नाही. एका गृहस्थांना तुम्ही ‘इम्पोर्टेड, ओरिजिनल’ म्हणून अमेरिकन दुधी बल्ब विकलात, पी एच २१२, दीडशे वॅट. बल्ब उत्तमच. पण १२० व्होल्टचा. खोक्यावर ठळक छापलेलं होतं. आपल्याकडे २३० येतात. त्यांनी बटण दाबलं, आत निळसर लखलखाट झाला आणि बल्ब काळा पडला. नशीब, लॅम्पहाउस बंद होतं, काच फुटून डोळ्यात गेली नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत, ‘काचेच्या मालाला गॅरंटी नसते.’ त्या वाक्याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या एकाच्या कलर हेडसाठी हॅलोजन हवा होता. त्याने १२ व्होल्ट, १०० वॅटचा मागितला, कोड ईएफपी. तुम्ही २४ व्होल्ट, २५० वॅटचा ईएलसी दिलात, कारण दोघांचा चकचकीत रिफ्लेक्टर पन्नास मिलिमीटरचा आणि दिसायला भाऊभाऊ. ईएफपीच्या दोन पिनांत ६.३५ मिलिमीटरचं अंतर असतं, ईएलसीच्या ५.३. पिना बसेनात, तर तुम्ही ‘जरा वाकवून घाला’ म्हणालात! त्याने वाकवल्या नाहीत हे त्याचं शहाणपण. बारा व्होल्टवर तो पिवळा, मेलेला प्रकाश देत बसला असता आणि कागदाला लागणारा निळा त्यात नावालाच उरला असता. वर, तुम्ही तो बल्ब उघड्या बोटांनी धरून दाखवत होतात. हॅलोजनच्या काचेला बोटांचं तेल लागलं की तापल्यावर तिथेच काच खराब होते, बल्ब लवकर जातो. एन्लार्जरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

वॅटचंही तेच. ‘जास्त वॅट, जास्त चांगलं’ हे तुमचं दुसरं आवडतं वाक्य. पंचाहत्तर वॅटच्या लॅम्पहाउसमध्ये दीडशेचा घातला की आतली हवा तापते, निगेटिव्ह तापून मधोमध फुगते आणि एक्स्पोजर चालू असतानाच फोकस सरकतो. डोळ्यांना ते दिसतं: कण फळीवर स्पष्ट असतात आणि बघता बघता विरघळतात. जुन्या वायरींचं रबर कडक होऊन तुटतं ते वेगळंच.

आणि तुम्ही कधीच सांगत नाही ती गोष्ट म्हणजे स्टॅबिलायझर. तंतूच्या बल्बाला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर प्रकाश जवळपास तीस टक्के कमी होतो आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. संध्याकाळी सोसायटीचा पंप सुरू झाला की दुपारची टेस्ट स्ट्रिप कुचकामी. ज्यांच्याकडे दुधी बल्ब आहे त्यांना स्टॅबिलायझर विकलात तर तुमचाही फायदा आहे. खरं बोलून पैसे मिळत असतानासुद्धा तुम्ही बोलत नाही, हे मला खरंच कळत नाही.

दुधी बल्ब आता मिळत नाहीत, ही तुमची ढाल मला माहीत आहे. सोपं नाही, मान्य. युरोपने २००९ पासून घरगुती तंतूचे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद केले, आपल्याकडेही मागणी संपली. पण तिथल्या नियमांतसुद्धा खास कामाच्या बल्बांना सूट होती, आणि फिलिप्सच्या फोटोक्रेसेंटासारखे आट्याचे, आपल्या व्होल्टेजचे जुने बल्ब अजून लोकांच्या माळ्यांवर आणि जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत सापडतात. तुमच्याच वरच्या फळीवर पुठ्ठ्याचं एक खोकं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यातले दुधी बल्ब तुम्ही कॅफेवाल्यांना शोभेसाठी विकता, कारण ते घासाघीस करत नाहीत. शेठ, ते बल्ब फार थोडे तास जगतात, घरगुती बल्बाच्या हजार तासांच्या मानाने काहीच नाही, कारण त्यांची तार जास्त पांढरी तापावी म्हणून बनवलेली असते. कॅफेत ते आठवडाभरात जळून जातील. आमच्याकडे तेच बल्ब रोज थोडे सेकंद पेटून वर्षानुवर्षं काम देतात.

तुमच्याकडून काय हवं ते सांगते. गिऱ्हाईक आलं की त्याचा जुना बल्ब हातात घ्या, किंवा यंत्रावरची पट्टी वाचायला सांगा. किती व्होल्ट, किती वॅट, पिन की आटे, आट्याचे असतील तर जाडी किती, हे विचारा. कंडेन्सर आहे की कलर हेड, तेही विचारा. दुधी नसेल तर नाही म्हणा. एलईडी देणार असाल तर टोकावर छपाई नसलेला, बंद केल्यावर पूर्ण विझणारा द्या, बटणाचा इंडिकेटर काढायला सांगा, आणि फिल्टरचे आकडे बदलतील हे आधीच सांगा. लाल झीरोचा बल्ब सेफलाइट म्हणून विकत असाल तर लाल प्लास्टिकखालचा पांढरा एलईडी विकू नका. त्यातून निळा गळतो. कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्याखाली राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर तो बल्ब विकायचा नाही.

पैसे परत करा असं मुलीचं म्हणणं नाही, ती भिडस्त आहे. माझं म्हणणं आहे. पहिल्या बल्बाचे, अडॅप्टरचे, एलईडीचे आणि त्यापायी फुकट गेलेल्या कागदाचे. शनिवारी दुपारी आम्ही दोघी येतो. मी कॅलिपर घेऊन येते, तिच्या आजोबांचा गेलेला बल्ब रुमालात असेलच. वरच्या फळीवरचं ते खोकं तेवढं खाली उतरवून ठेवा, कॅफेवाल्यांनी नेलं नसेल तर.

कळावे,

एक डार्करूमवाली